खरं हाय-पॉवर कोणतं म्हणायचं? बेल्जियमचं, टोरंटोचं, इशापूरचं की २०२२ चं नवं?

नेपथ्यवाला

मंडळी, आमचा लालबागचा हौशी संघ एक दोन अंकी नाटक बसवतोय. पहिल्या अंकात १९७१ मधला कॅप्टन आहे, दुसऱ्यात त्याचा मुलगा. तोही फौजेत, काळ १९९४. दोघांच्याही कमरेला पिस्तूल आहे आणि दुसऱ्या अंकात ते बराच वेळ टेबलावर पडून राहतं, म्हणजे अगदी प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर. डमी बनवायचं काम माझ्याकडे आहे.

दिग्दर्शकाने ब्राउनिंग हाय-पॉवर या जुन्या बेल्जियन पिस्तुलाचा म्हणून मला एक फोटो पाठवला. तो निघाला, ते बनवणाऱ्या बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या २०२२ च्या नव्या पिस्तुलाचा. त्याचं म्हणणं, कंपनी तीच, नाव तेच, मग ओरिजिनल हेच. मला हे अजिबात पटत नाही. २०२२ चं पिस्तूल जुन्यासारखं दिसतं एवढंच. त्याची मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, जुन्यात बसत नाही, आतले भाग जुन्याला चालत नाहीत, उघडायची पद्धतही वेगळी. उलट आपल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं ९ एमएम पिस्तूल हे कॅनडाच्या इंग्लिस कंपनीच्या हाय-पॉवरवरून आलेलं, आणि ते थेट मूळ बेल्जियन पिस्तुलावरून. माझ्या मते इशापूरचं पिस्तूल एफएनच्या आजच्या पिस्तुलापेक्षा जास्त खरं हाय-पॉवर आहे. नावावर काय छापलंय त्याने फरक पडत नाही.

तुम्हाला काय वाटतं? जाणकारांनी जरूर लिहा. नाटक बाजूला ठेवलं तरी हा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाहीये.

फोर्टातला वकील

धागाकर्त्याशी असहमत. एखाद्या वस्तूचं नाव कुणी वापरायचं हे त्या नावाचा मालक ठरवतो. एफएनने १९३५ पासून हे पिस्तूल विकलं, २०१८ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं आणि २०२२ मध्ये पुन्हा त्याच नावाने बाजारात आणलं. मधल्या काळात आणि त्याआधीही इतरांनी जे बनवलं ती नक्कल. चांगली असेल, परवान्याने असेल, तरी नक्कलच.

जुनं ते

वकीलसाहेब, मग "खरं" पिस्तूल ब्राउनिंगनेही कधी पाहिलं नाही असं म्हणावं लागेल. मूळ रचनाकार जॉन ब्राउनिंगने पेटंटसाठी अर्ज केला १९२३ मध्ये. त्या नमुन्यात बाहेर दिसणारा हॅमर, म्हणजे घोडा, नव्हताच, आत स्ट्रायकर, म्हणजे स्प्रिंगवरची पिन होती. १९२६ च्या नोव्हेंबरमध्ये बेल्जियममधल्या लिएजला तो गेला आणि पेटंट मंजूर झालं १९२७ मध्ये. पुढचं काम एफएनचा रचनाकार द्यूदोने सेव्ह याचं. दुहेरी रांगेची मॅगझिन ही त्याचीच करामत. अमेरिकेच्या कोल्ट कंपनीकडची '१९११' नावाच्या पिस्तुलाची पेटंटं १९२८ मध्ये संपल्यावर त्यातल्या सोयीच्या गोष्टीही त्याने बिनदिक्कत आत घेतल्या. म्हणजे ज्याचं नाव पिस्तुलावर आहे त्याने शेवटचा नमुना हातात धरलेलाच नाही. आता सांगा, अस्सल कुणाचं? ब्राउनिंगचं, सेव्हचं की एफएनचं?

आणि ज्या फ्रेंच सैन्याने मागणी केली म्हणून हा सगळा खटाटोप सुरू झाला, त्यांनी शेवटी घेतलं दुसरंच पिस्तूल!

अवांतरप्रेमी

म्हणजे वरात एकाची, घोडा दुसऱ्याचा. मुंबईत हे वाक्य दोन्ही अर्थांनी चालतं. 😄

धागा एक नंबर. वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कुर्ल्याचा टर्नर

मी आयुष्यभर लेथ आणि मिलिंगवर काम केलं, त्यामुळे मला हा प्रश्न गेजने, म्हणजे माप तपासायच्या साधनाने सोडवावासा वाटतो. ड्रॉइंग एक असेल, टॉलरन्स, म्हणजे मापातला चालणारा फरक, पाळला असेल आणि या कारखान्याचा भाग त्या कारखान्याच्या यंत्रात बसून चालत असेल, तर दोन्ही खरे. शिक्का कुणाचाही असो.

कुर्ल्याच्या प्रीमियरमधून १९६४ पासून फियाट ११०० डी निघायची, तिचीच पुढे पद्मिनी झाली. इटलीत ती गाडी केव्हाच बंद पडली होती, पण आमच्याकडे २००० च्या आसपासपर्यंत बनत राहिली आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर. काळ्या-पिवळ्या पद्मिनीला नकली फियाट कोण म्हणेल? नंतर फियाटचाच बिल्ला लावून इथे इतर गाड्या विकल्या गेल्या. पद्मिनीचा एक नट त्यांना लागला नसता. माझ्या लेखी ११०० ची खरी वारस कुर्ल्याची गाडी. नेपथ्यवाल्याच्या इशापूरच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन.

फोर्टातला वकील

टर्नरकाका, पण प्रीमियरकडे फियाटचा परवाना होता. कागद होते.

कुर्ल्याचा टर्नर

कागद होते, मान्य. पण माल तपासताना आम्ही कागद नाही, गेज लावायचो.

जुनं ते

टर्नरकाकांच्या बाजूने एक भक्कम पुरावा देतो. कोल्ट १९११. अमेरिकन सैन्याने २९ मार्च १९११ ला स्वीकारलेलं आणि १९८५ पर्यंत अधिकृत राहिलेलं पिस्तूल. दुसऱ्या महायुद्धात एकट्या कोल्टला मागणी झेपेना. मग ते कुणी कुणी बनवलं बघा. रेमिंग्टन रँड, म्हणजे टाइपरायटरवाले. युनियन स्विच अँड सिग्नल, म्हणजे रेल्वेचे सिग्नल बनवणारे. इथाका, बंदुकांची कंपनी. आणि सिंगर, शिलाई मशीनवाले. सिंगरने जेमतेम ५०० बनवली आणि आज संग्राहकांमध्ये सर्वांत जास्त भाव त्यांनाच. रेमिंग्टन रँडने तर पावणेनऊ लाखांहून जास्त बनवली, कोल्टच्या युद्धकाळातल्या आकड्यापेक्षाही जास्त.

आता मुद्दा. सैन्याची अट होती की कोणत्याही कारखान्याचा भाग कोणत्याही पिस्तुलात बसला पाहिजे. रेमिंग्टन रँडची सुरुवातीची पिस्तुलं याच चाचणीत अडकली. उत्पादन थांबवून सगळं सुधारावं लागलं आणि मगच गाडी पुढे सरकली. म्हणजे अस्सल कशाला म्हणायचं याचा निवाडा त्या काळी भागांची अदलाबदल करून होत होता. मुठीवर कोल्टचा घोडा आहे की नाही हे कुणी विचारलं नाही.

अवांतरप्रेमी

आमच्या आजीचं सिंगर अजून चालतंय. आज घरी गेलो की तिच्याकडे जरा आदराने बघेन.

मुद्देमाल

पोलीस खात्यातून निवृत्त. शिक्क्याबद्दल माझा अनुभव लिहितो. गावठी माल पकडला की त्यावर हमखास परदेशी शिक्का असतो. "मेड इन यूएसए" नाहीतर "मेड इन इटली". स्पेलिंगची वाट लागलेली, एका बाजूला इटली आणि दुसऱ्या बाजूला अमेरिका असाही नमुना पाहिलाय. स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकणाऱ्या भागावर, छान पॉलिश, पण हातात घेऊन मागे ओढली की कानस मारल्याची खरखर बोटांना कळते. दोन भागांमधली फट डोळ्यांना दिसते. असा माल कलिन्याच्या फॉरेन्सिक लॅबला जातो तेव्हा तिथले लोक शिक्का नोंदवून घेतात, पण त्यावरून मत देत नाहीत. नळीचे आटे, पिनचा ठसा, काडतुसावरच्या खुणा, सगळं त्यावर चालतं.

त्यामुळे वकीलसाहेब, नाव छापलंय म्हणून खरं हे मला तरी मान्य होणार नाही. नाव छापणं हे सगळ्यांत सोपं काम.

फोर्टातला वकील

मुद्देमालसाहेब, तुम्ही म्हणता ती फसवणूक. मी बोलतोय हक्काबद्दल. खोटा शिक्का मारणारा आणि स्वतःच्या नावाचा शिक्का मारणारा यांना एका रांगेत उभं करू नका. आणि हेही बघा, एफएनने स्वतःच हे पिस्तूल किती वेळा बदललं. १९६२ मध्ये एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे रिकामं काडतूस ओढून काढणारा भाग, आतून बाहेर आला. सत्तरच्या दशकात गोल हॅमर जाऊन टोकदार आला. ऐंशीच्या दशकात मार्क २ आणि मग मार्क ३, त्यात फायरिंग पिनची सेफ्टी वाढली. १९३५ च्या ड्रॉइंगशी तंतोतंत जुळेल ते खरं असं धरलं तर १९६२ नंतरचं एफएनचं पिस्तूलही बाद होईल. तुमचं गेज कुठल्या वर्षाचं, ते तरी सांगा.

कुर्ल्याचा टर्नर

वकीलसाहेब, प्रश्न बरोबर विचारलात. विचार करून लिहितो.

वरळीची नेमबाज

मी वरळीच्या रेंजवर २५ मीटर पिस्तूल मारते, ०.२२ चं. ९ एमएम आपल्याकडे सामान्य नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअर आहे, त्यामुळे हाय-पॉवर चालवायचा योग मला आला नाही आणि येणारही नाही. पण चाप या विषयावर बोलायचा मला हक्क आहे. 🙂

मूळ हाय-पॉवरमध्ये मॅगझिन काढली की चाप काम करत नाही. ही फ्रेंचांची अट होती. त्यासाठी चापाला जोडलेला एक छोटा भाग मॅगझिनच्या अंगावर घासत राहतो आणि त्यामुळे चाप खरखरीत लागतो. जगभरातल्या नेमबाजांची या पिस्तुलाबद्दल हीच मोठी तक्रार. आमच्या खेळात चापाचं किमान वजन नियमाने ठरलेलं असतं, २५ मीटरला १००० ग्रॅम आणि १० मीटर एअर पिस्तूलला ५०० ग्रॅम. पण वजनापेक्षा तो कसा सुटतो यावर गुण जातात. मधेच अडखळणारा चाप म्हणजे दहाचा आठ.

२०२१ मध्ये अमेरिकेच्या स्प्रिंगफील्डने एसए-३५ आणलं. त्यात ही भानगड काढून टाकली, मॅगझिन १३ ऐवजी १५ गोळ्यांची केली, आणि बाकी बरेच भाग जुन्याशी जुळते ठेवले. एका अर्थी त्यांनी मूळ रचनेच्या गळ्यात दुसऱ्याने अडकवलेला दगड काढला. ते माझ्या मते हाय-पॉवरच आहे, आणि कदाचित जास्त शहाणं हाय-पॉवर आहे. बदल झाला की खरेपणा गेला असं मी धरणार नाही. बदल कशाशी इमान राखून केला ते बघा.

नेपथ्यवाला

ताई, मुद्दा आवडला, पण मग एफएनच्या २०२२ मध्येही ती मॅगझिनची अडचण नाहीच. मग ते का बाद?

वरळीची नेमबाज

कारण ते जुन्यातली अडचण काढून झालेलं नाही, सगळंच कोऱ्या कागदावरून काढलंय. १७ गोळ्यांची मॅगझिन, वेगळी मापं, वेगळी उघडणी. पिस्तूल म्हणून उत्तम असेल. पण ज्याच्याकडे आजोबांचं हाय-पॉवर आहे त्याला त्यातला एक स्प्रिंगही उपयोगी नाही.

जुनं ते

मुद्दा पटतोय, तरी एसए-३५ बद्दल मला थोडी अढी आहे. त्या पिस्तुलामागे १९३५ पासूनची सेवा नाही. ते आजच्या हौशी ग्राहकासाठी बनलंय. हाय-पॉवर हे दोन्ही बाजूंनी वापरलेलं पिस्तूल. १९४० मध्ये जर्मनांनी बेल्जियम घेतलं, एफएनचा कारखाना त्यांच्या ताब्यात गेला आणि तेच पिस्तूल जर्मन सैन्यासाठी "६४० (बी)" या क्रमांकाने निघू लागलं. समोरच्या बाजूला सेव्ह आणि त्याचे सहकारी निसटून इंग्लंडला पोचलेले, आणि टोरंटोत इंग्लिसने १९४४ पासून तेच पिस्तूल बनवायला घेतलं, सुमारे दीड लाख. चीनसाठीच्या मालावर उंची बदलता येणारी मागची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, आणि मुठीला खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता जोडायची खाच होती, ब्रिटिश आणि कॅनेडियन सैन्यासाठी साधी साइट. त्याच इंग्लिसचं नाव पुढे कॅनडात घरोघरी गेलं ते कपडे धुण्याच्या यंत्रांमुळे.

आता जर्मनांच्या देखरेखीखाली एफएनच्या मूळ कारखान्यात, मूळ यंत्रांवर बनलेलं अस्सल, की टोरंटोत नमुन्याची मापं घेऊन बनवलेलं? कारखाना आणि नाव धरलं तर पहिलं. पण संग्राहक दोन्ही तितक्याच आदराने ठेवतात, कारण दोन्ही लढाईत गेलेली आहेत.

बेळगावचा सुभेदार

जय हिंद. मुलगा ठाण्याला असतो, त्याने हा धागा दाखवला, म्हणून लिहितो.

आमच्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, हे पिस्तूल "पिस्तूल ९ एमएम", बस्स. ब्राउनिंग, इंग्लिस, इशापूर ही नावं कुणाच्या तोंडी नव्हती. कोणत्याही हत्याराला ओळख असते ती त्याच्या नंबरची. इश्यू करताना नंबर, जमा करताना नंबर. रात्री मोजणी जुळली नाही तर अख्खी कंपनी जागी. तेव्हा खरं-खोटं असा प्रश्न आम्हाला पडलाच नाही. जे सरकारने दिलं, साफ ठेवलं आणि वेळेला चाललं, ते खरं.

तरी नेपथ्यवाल्यांच्या नाटकाबद्दल दोन गोष्टी सांगतो. पहिली, १९७१ मध्ये अनेक ऑफिसरांकडे ०.३८ चं रिव्हॉल्वर असायचं. इशापूरचं पिस्तूल ही नंतरची गोष्ट. बापाच्या कमरेला इशापूर लावू नका. दुसरी, सर्व्हिस पिस्तूल बापाकडून मुलाकडे येत नाही. ते सरकारचं असतं. लेखकाने तसा प्रसंग घातला असेल तर कुणीही फौजी पहिल्या रांगेतून उठून जाईल.

नेपथ्यवाला

सुभेदारसाहेब, मनापासून आभार. वारशाचा प्रसंग नाटकात नाही, दोघांची पिस्तुलं वेगवेगळी आहेत. बापासाठी इंग्लिसचं पिस्तूल दाखवलं तर चालेल ना? रिव्हॉल्वर दाखवावं की पिस्तूल, यावर आमच्यातही दोन तट आहेत.

बेळगावचा सुभेदार

चालेल. कॅनडाची पिस्तुलं फौजेत होती. पण रिव्हॉल्वर दाखवलंत तर कुणी बोट ठेवणार नाही.

अवांतरप्रेमी

१९७१ आणि रिव्हॉल्वर म्हटलं की ढाक्याच्या रेसकोर्सवरचा तो १६ डिसेंबर आठवतो. पाकिस्तानी जनरल नियाझींनी सही केली आणि आपलं रिव्हॉल्वर जनरल अरोरांच्या हाती दिलं. पण शरणागतीच्या वाटाघाटी करणारे लेफ्टनंट जनरल जेकब यांनी पुढे लिहून ठेवलंय की ते हत्यार नियाझींचं स्वतःचं नसावं. साधं सैनिकी ०.३८ रिव्हॉल्वर, नळी मळलेली, दोरी झिजलेली.

धाग्याच्या प्रश्नाला हे किती लागू आहे बघा. हत्यार म्हणून ते शंभर टक्के अस्सल. इतिहासातलं स्थानही अस्सल, कारण शरणागती त्यानेच झाली. फक्त "नियाझींचं रिव्हॉल्वर" म्हणून ते अस्सल आहे का?

मुद्देमाल

वा! आमच्या भाषेत, मुद्देमाल बरोबर, मालक संशयास्पद.

जुनं ते

आणि म्हणूनच वस्तूचा खरेपणा आणि रचनेचा खरेपणा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. एखादं पिस्तूल अमुक माणसाचं होतं का, हा एक प्रश्न. ते अमुक जातीचं आहे का, हा दुसरा. आपला धागा दुसऱ्याचा आहे.

गोरेगावचा आर्टवाला

फिल्म लाइनमध्ये आर्ट डिपार्टमेंटला आहे. तात्त्विक चर्चेत पडत नाही, कामाचं सांगतो.

नेपथ्यवाले, रबराची किंवा लाकडाची डमी करा. धातूची, आत चालणारे भाग असलेली आणायच्या फंदात पडू नका. नकली हत्याराचं खऱ्यात रूपांतर करणं हा शस्त्र कायद्यात गुन्हा आहे, आणि रूपांतर होण्यासारखी वस्तू जवळ बाळगून उगाच चौकशी ओढवून घेऊ नका. बाहेर उघड्यावर काही करायचं असेल तर आधी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा. दौऱ्यावर जाताना विमान असेल तर डमी हातातल्या सामानात अजिबात नको, खेळण्यातलं पिस्तूलही तिथे चालत नाही. आमच्या एका युनिटचा स्पॉटबॉय रबरी पिस्तूल पिशवीत घेऊन लोकलने निघाला होता. गर्दीत पिशवी फाटली, आणि पुढे काय झालं ते सांगायला नको. डब्यातल्या लोकांची चूक नव्हती.

मुद्देमाल

आर्टवाल्यांशी १००% सहमत. पोलीस ठाण्याचा कागद सोबत ठेवाच.

कुर्ल्याचा टर्नर

वकीलसाहेबांनी विचारलं होतं, गेज कुठल्या वर्षाचं. उत्तर देतो.

कारखान्यात ड्रॉइंग कधीच एकदा काढून संपत नाही. त्यावर सुधारणा होत जातात, कोपऱ्यातल्या तक्त्यात तारीख आणि सही पडते. ए, बी, सी. पण ड्रॉइंग नंबर तोच राहतो, कारण प्रत्येक सुधारणा आधीच्यावर बेतलेली असते आणि बहुतेक भाग जुन्याला चालतात. १९६२ चा एक्स्ट्रॅक्टर ही अशी सुधारणा. गोल हॅमरचा टोकदार हॅमर हीसुद्धा. मार्क ३ पर्यंत मी ही साखळी धरतो. इंग्लिस आणि इशापूर या त्याच साखळीतून फुटलेल्या फांद्या, आणि ताईंचं एसए-३५ ही अगदी अलीकडची फांदी.

२०२२ ला मात्र ड्रॉइंग नंबरच बदलला. तो वेगळा जॉब. चांगला असेल, मी नावं ठेवत नाही. पण जुन्या फाइलमध्ये तो लावता येणार नाही.

फोर्टातला वकील

काका, युक्तिवाद जबरदस्त आहे, कोर्टात मला तुमच्यासमोर उभं राहायला आवडणार नाही. तरी मी माझ्या बाजूवर ठाम आहे. पेटंट संपलं की रचना सगळ्यांची होते, हे खरं. म्हणूनच तुर्कस्तान, फिलिपिन्स, कुठेही कुणीही १९११ बनवू शकतो. पण रचना सगळ्यांची झाली म्हणजे नावही सगळ्यांचं झालं असं नाही. इशापूरने तरी आपल्या पिस्तुलावर "ब्राउनिंग हाय-पॉवर" कुठे लिहिलंय? "पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए" असंच नाव दिलं. ज्याने स्वतः तो दावा केला नाही, त्याच्यासाठी आपण का करतोय?

नेपथ्यवाला

याचं उत्तर मला द्यायचंय. इशापूरने दावा केला नाही, कारण त्यांना गिऱ्हाईक शोधायचं नव्हतं. सैन्याला चालणारं हत्यार हवं होतं, ते त्यांनी बनवलं. २०२२ च्या पिस्तुलाला नाव लावावं लागलं, कारण ते नाव काढून घेतलं तर त्याला जुन्याशी जोडणारं फारसं काही उरत नाही. इशापूरच्या पिस्तुलावरून सगळी अक्षरं घासून काढा, जाणकार माणूस ते हातात घेऊन लगेच सांगेल की हे हाय-पॉवर. माझी कसोटी हीच. अक्षरं पुसून बघा.

वरळीची नेमबाज

ही कसोटी मला पूर्ण मान्य. आमच्या रेंजवर डोळे मिटून मूठ धरली तरी कुणाचं पिस्तूल ते कळतं, मुठीचा कोन बोलतो.

जुनं ते

+१. आणि त्याच कसोटीवर १९११ मध्ये आजचे निम्मे प्रकार टिकतील, निम्मे गळतील. १९२० च्या दशकात सैन्याने स्वतः त्याचं सुधारित रूप, ए१, केलं. चाप आखूड, मागे मुठीला फुगवटा, ग्रिप सेफ्टीचं, म्हणजे मुठीच्या मागच्या दाबायच्या सेफ्टीचं, टोक लांब, चापामागे बोटासाठी फ्रेम खरवडलेली. एवढं बदलून ते १९११ च राहिलं. पण अर्जेंटिनाच्या बायेस्तेर-मोलिनाला बाहेरून बघा, हुबेहूब कोल्ट. जवळ गेलात की ग्रिप सेफ्टीच नाही. तिथे मी म्हणेन, भाऊबंद आहे, सख्खं नाही. पण तो वेगळा धागा होईल.

गोरेगावचा आर्टवाला

कसोटी चांगली, पण नाटकात प्रेक्षक हात लावणार नाही, दहाव्या रांगेतून बघणार. तेव्हा बाह्याकृती, रंग आणि नट ते कसं धरतो, या तीन गोष्टी सांभाळा. बापासाठी इंग्लिस आणि मुलासाठी इशापूर घेणार असाल तर एका साच्यातून दोन्ही निघतील, हा तुमचा मोठा फायदा. मुठीच्या पट्ट्या मात्र बघून करा. हाय-पॉवर म्हटलं की लोक अक्रोडाच्या लाकडी पट्ट्या लावतात, एफएनच्या दुकानी मालाचे फोटो बघून. इंग्लिसला काळ्या प्लास्टिकच्या, चौकटी खाचांच्या पट्ट्या होत्या. आणि स्लाइडला चकचकीत निळा-काळा रंग नको, मंद करडा-काळा द्या. रंगमंचाच्या दिव्यात चकाकी आली की खेळणं वाटतं.

कुर्ल्याचा टर्नर

आणि वजन. मूळ पिस्तूल रिकामं असताना साधारण ९०० ग्रॅम ते एक किलोच्या मधे, लांबी २० सेंटिमीटरच्या आत-बाहेर. लाकडाची डमी दोन-अडीचशे ग्रॅमची होईल. नट ते उचलताना मनगट वर उडतं आणि लबाडी उघडी पडते. मुठीच्या आत पोकळी ठेवून शिशाच्या पट्ट्या भरा. टेबलावर ठेवल्यावर आवाजही बरोबर येईल. परळला येणार असाल तर माझ्याकडे या, मापं घेऊन लाकूड कापून देतो.

नेपथ्यवाला

काका, रविवारी येतोच. दिग्दर्शकालाही घेऊन येतो, गेजचं प्रकरण त्यानेही ऐकावं.

वरळीची नेमबाज

नटांना एक सांगाल? बोट चापावर नको. हातात पिस्तूल असताना बोट सरळ, फ्रेमच्या कडेला. प्रशिक्षित माणूस झोपेतही बोट आत घालत नाही. तुमचा कॅप्टन पहिल्याच प्रवेशात चापावर बोट ठेवून फिरला तर पट्ट्या काळ्या की लाकडी, कुणी बघणारही नाही. तालमीत डमी हातात द्याल त्या पहिल्या दिवसापासून ही सवय लावा. आणि डमी असली तरी कुणावर रोखायची नाही, प्रवेशात असेल तेवढंच.

बेळगावचा सुभेदार

बेटी, अगदी बरोबर.

नेपथ्यवाले, दुसऱ्या अंकात पिस्तूल टेबलावर पडून राहतं असं लिहिलंत, ते मला पहिल्या दिवसापासून खटकतंय. ऑफिसर हत्यार टेबलावर ठेवून खोलीत फिरणार नाही. पिस्तुलाच्या मुठीच्या खाली कडी असते, तिला लॅनयार्ड, म्हणजे दोरी, आणि लॅनयार्ड अंगाला. ड्युटी संपली की कोत. मुलगा घरी रजेवर आलाय असा प्रसंग असेल तर पिस्तूल घरात येणारच नाही.

नेपथ्यवाला

साहेब, तो घरी नाही, पोस्टवर आहे, बंकरमध्ये. रात्रीचा प्रवेश आहे आणि बाहेर बर्फ.

बेळगावचा सुभेदार

मग होल्स्टर अंगावर राहू द्या. साफसफाईचा वेळ दाखवा, तेव्हाच हत्यार बाहेर येईल. समोर जुनं कापड अंथरलेलं, तेलाची छोटी बाटली, नळी साफ करायची दोरी म्हणजे पुलथ्रू, मॅगझिन काढून उजव्या हाताला ठेवलेली. लॅनयार्ड तेव्हाही सोडायचा नाही. या कामात माणूस सावकाश बोलतो, तुमच्या लांब संवादाला जागा मिळेल.

नेपथ्यवाला

हे फारच छान आहे. लेखकाला आत्ताच फोन केला, प्रवेश पुन्हा लिहायला घेतोय. डमी मात्र आता मॅगझिन बाहेर निघणारी करावी लागेल. टर्नरकाका, रविवारच्या कामात तेवढं धरा. मॅगझिन १३ च्या मापाची.

कुर्ल्याचा टर्नर

धरलं. मॅगझिन वेगळ्या लाकडाची करू, म्हणजे रंग वेगळा दिसेल.